पाच बोटांचा कायदा

मुकुटबनहून वणीला जाणाऱ्या एसटीत ती बाई दर मंगळवारी माझ्या शेजारी बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. तिचा नवरा ठेकेदाराकडून खाणीत कामाला होता, तिथंच मेला. अशा मजुराच्या बायकोला नोकरी देण्याचं विधेयक मुंबईत आलं होतं.

मी तिसरी शिकलेला, पण हटणारा नाही. म्हटलं, "मंत्र्यानं बोलून टाकलं ना, मंग झालाच समज कायदा!"

"असा नाई होत, बाबाजी," म्हणत तिनं उजव्या हाताचं एकेक बोट मिटून दाखवलं. विधेयक मांडणं, विधानसभेची मंजुरी, विधान परिषदेची मंजुरी, राज्यपालाची सही, राजपत्रात छापणं. पुढे जितके टप्पे पार पडले तितकीच बोटं ती मिटून बसायची; कित्येक महिने दोनच मिटलेली राहिली.

एका मंगळवारी मूठ पुरी मिटलेली दिसली.

"आता पेढे खाऊ घाल, बाई!"

"छापून आलं, बाबाजी. पन हा कायदा आतापासून मरनाऱ्याइसाठी हाय. माहा मानूस तं आधीच मेला."

कंडक्टर आला, तेव्हा तिनं तिकिटाचे पैसे डाव्या हातानं दिले. उजवी मूठ वणी येईपर्यंत उघडलीच नाही.