धाकलीची हजेरी

फोन आला तेव्हा मी मुरगावच्या कचेरीत एका जहाजाचे कागद टंकत होते. पलीकडून सावळो बोलत होता. आमच्या गावचा ट्रकवाला, आजोबांचा जुना विद्यार्थी. डिचोलीच्या कुठल्याशा दुकानातून त्याने फोन लावला होता आणि मागे ट्रकांची घरघर ऐकू येत होती. "बाय, मास्तर पेजेक घरा पावले ना," एवढेच तो म्हणाला. सकाळी दहाच्या पेजेची वेळ आजोबांनी कधी चुकवली नव्हती, त्यामुळे पुढचे मला सांगावे लागले नाही. ते धाकलीच्या काठी बसलेले सापडले. पाठ फणसाला टेकलेली, पाय घोट्यापर्यंत लाल चिखलात, आणि मांडीवर छत्रीच्या जुन्या कापडात गुंडाळलेले हजेरीपुस्तक, अगदी कोरडे. डॉक्टरांनी हृदय म्हटले. असेल, चौऱ्याऐंशी वर्षांचे हृदय ते. पण तो चिखल आदल्या दिवशी तिथे नव्हता, वरच्या ढिगावरून तो उतरला होता, हे मी सांगणारच.

धाकली म्हणजे कुणी बाई नव्हे. आमच्याकडे झऱ्याला झर म्हणतात, आणि झर ही बाईमाणूसच. घरामागच्या डोंगराला अशा पाच बहिणी होत्या: वडाझर, काजरेझर, म्हशीझर, सातेरीची झर आणि सगळ्यांत खाली, आमच्या कुळागराच्या तोंडाशी, धाकली. या पाचजणींच्या जिवावर आमची माड-पोफळीची बाग उभी होती आणि बागेच्या जिवावर आम्ही. डोंगरात लोखंडाची माती निघाली तेव्हा मी पाळण्यात होते. मला कळायला लागले तेव्हा डोंगराचा माथा गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा, कुणी न घडवलेला डोंगर वाढत होता. खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा ढीग. दर पावसाळ्यात तो थोडा आमच्या बाजूला सरके. आई म्हणे, सरकत नाही ग, तुला तसे वाटते. पोफळीच्या शेंड्यावरून पूर्वी आभाळ दिसायचे, मग ढीग दिसू लागला. मला काय वाटायचे ते सोडा, पोफळी तर खोटे बोलत नव्हत्या.

आजोबा फिरंग्यांच्या काळात देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्यांत, मराठी शिकवत आणि मुक्तीनंतर सरकारी प्राथमिक शाळेत. पंचक्रोशीत ज्याला म्हणून सही करता येई, त्याचा हात त्यांनी एकदा तरी धरलेला. शिस्त कडक, पण मारकुटेपणा नाही. त्यांचा सगळा जीव हजेरीत. नाव घेतले की मूल घरच्या सवयीने कोंकणीत "आसां" म्हणे, म्हणजे मी आहे. मग ते थांबत आणि चष्म्यावरून बघत. "आसां घरी. शाळेत हजर म्हण." मीही त्यांच्याच वर्गात होते आणि नातीला सूट नव्हती. पहिल्या दिवशी मला हे वाक्य तीनदा ऐकावे लागले आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. हजर असेल त्याला 'ह', न सांगता राहिला तर 'गै', सांगून गेला असेल तर रजेचा 'र'. 'र' त्यांच्याकडे सहजी मिळत नसे. मुलाने स्वतः येऊन सांगायला हवे, शेजाऱ्याच्या निरोपावर चालणार नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचा मुलगा लग्नाला गेला होता, लग्नात आजोबाही होते, आणि तरी त्याला 'गै' पडला. आजी आठवडाभर धुमसत होती.

निवृत्त झाल्यावर घरी बसून हा माणूस काय करणार याची आम्हाला धास्ती होती. त्यांनी शाळेतून उरलेली कोरी हजेरीपुस्तके मागून आणली आणि पहिल्या पानावर पाच नावे लिहिली. रोज सकाळी काठी टेकत डोंगर चढायचे, प्रत्येक झरीपाशी तिचे नाव मोठ्याने घ्यायचे, थांबायचे, ऐकायचे आणि खूण करायची. गावाला म्हातारचळ वाटला. मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जाई आणि मलाही हसू येई. मग एका चैत्रात वडाझरीला 'गै' पडला. पावसाळ्यात ती पुन्हा 'ह' झाली, पुढच्या चैत्राला गेली ती आलीच नाही. तिच्यामागून काजरेझर. म्हशीझर आधी लाल झाली, मग नुसती ओल उरली, मग तीही नाही. दुपारी सुरुंगाचा भोंगा वाजला की आजी विहिरीच्या गडगडीवरचा राजू, म्हणजे दोर, घट्ट धरी, जणू विहीरच कुणी ओढून नेणार होते. 'गै' वरून खाली येत होते, एकेक नाव घेत, घराच्या दिशेने. हे मला कळत होते. आणि तरी मी नोकरी धरली ती मुरगावला, तीच माती जहाजात भरणाऱ्यांच्या कचेरीत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मला आजोबांनीच शिकवली होती.

मग भाषेचे दिवस आले. कोंकणी की मराठी यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगणात जाईनात, रस्त्यावर झाडे आडवी पडली. मराठीवाले आजोबांना अध्यक्ष करायला आले आणि कोंकणीवाले, त्यांचेच विद्यार्थी, जाब विचारायला. दोघांनाही त्यांनी बसवले, धाकलीचे पाणी दिले आणि विचारले की वरच्या तीन गेल्या त्याची सभा कधी आहे. दोघेही चिडून गेले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले होते, 'मास्तर गेरहजर'. आई रडायला लागली. आजोबांनी चुलीतला कोळसा घेतला, जाऊन एक मात्रा वाढवली, गैरहजर केले आणि परत आले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गोव्याचे वेगळे राज्य झाले, गावात फटाके फुटले. आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत खाणीने उतरणीची उरलेली पट्टी मागितली. सातेरीची आणि धाकली तिथेच. खाणवाल्यांच्या कागदात लिहिले होते की या उतरणीवर नैसर्गिक झरे नाहीत आणि कधी नव्हते. पंचायतीत चौकशी ठरली, पणजीहून अधिकारी येणार होते. आजोबांनी मला पोस्टकार्ड टाकले. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. 'माझे अक्षर एका म्हाताऱ्याचे आहे. तू लहानपणापासून पाचही जणी पाहिल्या आहेस. येऊन तेवढे सांग.' मी उलट टपाली लिहिले, येते.

आता जे लिहिते आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही. मी निघाले होते. वास्कोहून पणजी, पणजीहून डिचोलीची बस. डिचोलीच्या बाजारात उतरले तर आमच्याच कचेरीत नेहमी येणारा खाणीचा एक माणूस समोर उभा. हसला आणि म्हणाला, "तुम्ही इथल्या काय? मला ठाऊकच नव्हतं." बस, इतकेच. धमकी नाही, काही नाही. मी समोरच्या हॉटेलात शिरले, पातळ भाजी आणि पाव मागवला, तो चिवडत बसले, आणि गावाकडची बस माझ्या डोळ्यांदेखत भरली आणि गेली. मग मी पणजीची धरली. नोकरी मातीची होती, त्या दिवशी मी मातीच खाल्ली.

चौकशीत काय झाले ते मला सावळोने सांगितले. आजोबांनी सगळी पुस्तके टेबलावर ठेवली आणि म्हणाले, यात एकही खूण खोटी नाही. अधिकारी म्हणाले, ही तर शाळेची हजेरी आहे, मास्तर. तेव्हा ते उठले आणि त्यांनी नावे वाचली. वडाझर… काजरेझर… प्रत्येक नावानंतर थांबले, वर्गात थांबत तसे. मागे अर्धा गाव बसला होता, बहुतेक त्यांचे विद्यार्थी, आणि आता कुणी खाणीचा ट्रकवाला, कुणी क्लीनर, कुणी पहारेकरी. एकाने जरी तोंड उघडले असते तरी पुरे होते. "कोणूच उलयलो ना, बाय," सावळो मान खाली घालून म्हणाला. "हांवय ना. तांणी तुजी वाट पळयली." तोही बोलला नव्हता, आणि आजोबांनी माझी वाट पाहिली होती.

पुढच्या रविवारी मी घरी गेले. आजोबांनी काही विचारले नाही. पेज झाली का, इतकेच. मी कारण घोटून ठेवले होते, ते तसेच राहिले. पट्टी खाणीला मिळाली. सातेरीची झर वर्षाच्या आत गेली. त्यानंतर मी प्रत्येक रविवारी जाई, आणि ते काहीच विचारत नसत, आणि ढीग दर खेपेला एक हात जवळ आलेला असे.

बाराव्यानंतर मी ती पुस्तके चाळली. चौकशीच्या महिन्याचे पान काढायचे धाडस चार दिवस झाले नाही. काढले तेव्हा पाच नावांखाली सहावे होते. माझे शाळेतले पूर्ण नाव, वळणदार अक्षरात. त्या महिन्यापासून प्रत्येक पानावर ते आहे. रविवारी 'ह', मधले दिवस कोरे. आणि चौकशीच्या तारखेला, जिथे मी 'गै' शोधत होते, तिथे 'र'. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द: तोंडी कळवले.

मी कळवले नव्हते. सबंध हजेरीत ती एक खूण खोटी आहे आणि ती माझी आहे. त्यांनी रागाने 'गै' लिहिला असता तर मी रडून मोकळी झाले असते. आता कुठे जाऊ?

आज सकाळी पुस्तक घेऊन धाकलीपाशी गेले. फणस उभा आहे, चिखल गुडघाभर आहे. मी तिचे नाव घेतले आणि थांबले. बराच वेळ काही नाही, मग मातीखालून बारीक खळखळ आली. 'ह' लिहिला. उद्याचे सांगता येत नाही. मग खालचे नाव वाचले, माझेच, मोठ्याने, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "आसां."

मी थांबले. कुणी सुधारले नाही.