पिवळा पट्टा

सोलापूरच्या कॉलेजात ती माझ्या शेजारच्या टेबलावर संशोधन करायची. डाळिंबाच्या सालीच्या अर्कातले पॉलिफेनॉल वेगळे काढायचं तिचं काम. काचेच्या उभ्या नळीत पांढरी भुकटी भरून ती वरून अर्क घालायची आणि मग सावकाश द्रावण ओतत राहायची. अर्कातले घटक पिवळे, तपकिरी पट्टे होऊन वेगवेगळे खाली उतरत. एखादा पट्टा रेंगाळला, की अक्कलकोटकडची ती त्याला कानडीत "बा, बा" म्हणून बोलवायची, लहान मुलाला बोलवावं तशी.

एका दुपारी तिचे वडील धापा टाकत आले. "अगं, तुला बघायला पाहुणे आलेत की घरी!"

"अण्णा, आत्ता उठले तर नळी कोरडी पडेल. सगळी मेहनत वाया जाईल."

तेवढ्यात बेलबॉटम घातलेला मुलगाच मागोमाग दारात येऊन उभा राहिला. अण्णांचा चेहरा उतरला. तिनं मात्र द्रावणाची बाटली सरळ त्याच्या हातात दिली. "सावकाश ओता. मी खालच्या परीक्षानळ्या बदलते."

स्थळ हातचं गेलं, असंच मला वाटलं. पण त्यानं बाह्या दुमडल्या आणि ओतायला लागला. बऱ्याच वेळानं तो ओरडला, "उतरला की हो पिवळा!" ती खळखळून हसली.

संध्याकाळी मी विचारलं, "काय मग?"

"प्रश्न लई विचारतो. पण हात थरथरत नाही त्याचा. अण्णांना होकार सांगितलाय."

"आणि त्याचं काय?"

"उद्या परत येतोय. तपकिरी पट्टा उतरायचाय की अजून."