एप्रनच्या खिशातली गोळी

धुलाई केंद्रात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. ती खिसेवाली. गिऱ्हाइकाचा प्रत्येक कपडा मशीनमध्ये जाण्याआधी तिच्या टेबलावरून जातो. पँट उलटी धरायची, दोन बोटं खिशाच्या पार कोपऱ्यापर्यंत घालायची आणि निघेल ते पिशवीत टाकून चिठ्ठी लावायची. किल्ल्या, तिकिटं, दातकोरणी, एकदा तर कुणाची तरी कवळी. नवी असताना तिच्या हातून एक लिपस्टिक सुटली आणि चादरींचा अख्खा घाणा गुलाबी झाला. त्यानंतर खिसा म्हणून सुटला नाही. घरी आल्या आल्या नवऱ्यालाही ती चाचपते. "यापेक्षा पोलीस बरे," तो म्हणतो. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याच्या खिशात स्क्रूच असतात.

दोन मुलं आहेत. धाकट्याच्या वेळी तिचं बीपी असं चढलं की झटके आले. शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरीणबाई उशाशी बसून होत्या. "आता पुन्हा हा विचार नको. तुझ्यापेक्षा मीच जास्त घाबरलेय," त्या म्हणाल्या. तेव्हापासून दोघं जपून वागतात. नवऱ्याचं नसबंदीचं ऑपरेशन मात्र कायम पुढच्या महिन्यात असतं.

आणि परवा तिची सुट्टी, मुलं शाळेत, सासू शेजारी गेलेली, हा जेवायला घरी आलेला. कपाटातलं निरोधचं पाकीट उघडलं तर रिकामं. "एकदाच्यानं काय होतंय?" तो म्हणाला. तिचंही मन होतं, खोटं कशाला बोला.

संध्याकाळी भांडी घासताना तिनं तारखा मोजल्या आणि हात तसाच राहिला. नेमके मधले दिवस.

काल कामावरून सुटल्यावर ती ओळखीचं कुणी नसलेल्या, लांबच्या मेडिकलमधून दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी घेऊन आली. लगेच घेतली असती, पण गोळीनं मळमळतं असं कुठंतरी ऐकलेलं. घरात उलटीचा आवाज झाला की सासू दारात हजर, आणि अर्ध्या तासात सगळ्या नातेवाइकांना फोन. म्हणून ठरवलं, उद्या कामावर, डबा खाऊन घ्यायची. गोळीचं पाकीट सासूच्या नजरेला पडायला नको, म्हणून ते तिनं वाटेतच फेकलं आणि गोळी सोडवून कागदाच्या पुडीत बांधली. आज सकाळी पुडी एप्रनच्या खिशात टाकली.

मग हॉटेलच्या चादरींचा टेम्पो आला. गठ्ठे उतरवायला जाताना तिनं एप्रन खुंटीला अडकवला. जेवायच्या वेळी परत आली तर खुंटीवर दुसराच, इस्त्रीचा कडक एप्रन.

"मावशी, माझा एप्रन कुठाय?"

"तो काय, गरागरा फिरतोय," मशीनवाली मावशी म्हणाली. "आज आपल्या एप्रनांचा वार नाही का?"

आपल्या माणसांचे एप्रन कुणी तपासत नाही. ते टेबलावरून जातच नाहीत, खुंटीवरून थेट मशीनमध्ये.

"बंद कर. बंद कर आधी!"

"वेडी झालीस? पाणी भरलंय, दार कसं उघडेल?"

ती काचेसमोर उकिडवी बसून राहिली. दार उघडलं तेव्हा खिशात कागदाचा लगदा निघाला. बाकी काही नाही. "गोळी होती यात," ती म्हणाली.

"डोकेदुखीची होती का? माझ्याकडे आहे की."

"डोकेदुखीची नव्हती, मावशी."

मावशीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "कधी झालं?"

"परवा. दुपारी."

"दुपारी! बाई गं, सुट्टी कारणी लावलीस."

खिसेवालीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. "पुन्हा राहिलं तर मी वाचत नाही गं."

"मग इथं काय बसलीस? पळ. टेबल मी बघते."

"तुला खिसे जमत नाहीत."

"होऊ देत चादरी गुलाबी. साहेबांना सांगते, दाढ ठणकत होती. पळ!"

कालच्या मेडिकलचं शटर खाली होतं. दुपारची सुट्टी, संध्याकाळी उघडणार. दुपारी उघडं असणारं उरलं एकच दुकान, घराच्या कोपऱ्यावरचं. दुकानदार तिच्या दिराबरोबर पत्ते खेळतो.

"बोला वहिनी!" तो लांबूनच ओरडला. बहिणीसाठी हवीय, असं सांगायचं तिनं वाटेत घोकलं होतं. समोर उभी राहिल्यावर ते सगळं गेलं. गिऱ्हाईक हलेपर्यंत ती थांबली आणि हळूच म्हणाली, "ती... परवा झालं, त्यासाठीची गोळी. मलाच."

त्याचा चेहरा बदलला नाही. पाळी कधी आली होती, दुसरी काही औषधं चालू आहेत का, एवढं विचारलं. "तीन दिवसांच्या आत आहात, पण जितकी लवकर तितकी बरी. आता इथंच घ्या."

"नक्की लागू पडेल ना?"

"नक्की असं कोण सांगेल? बहुतेकदा पडते. गर्भ आधीच राहिला असेल तर मात्र हिचा उपयोग नाही. दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत या, पुन्हा घ्यावी लागेल. पाळी आठवडाभर लांबली तर तपासणी करायची, अंगावर काढायचं नाही."

तिनं गोळी गिळली आणि दाराकडे पाहिलं.

"वहिनी, कोण काय नेतं हे मी सांगत बसलो तर मला इथं राहता येईल का?"

कामावर परतल्यावर दुपारभर मळमळत होतं. ती ओठ मिटून काम करत राहिली. उलटी झाली ती घरी, अंधार पडल्यावर, तीन तास केव्हाच सरल्यावर. सासू आलीच.

"काय गं? गोड बातमी?"

"नाही, आई. ती येऊ नये म्हणून गोळी घेतलीय. त्याचंच हे."

सासू दारातच उभी राहिली. मग पाणी आणून दिलं. त्या रात्री एकही फोन झाला नाही.

त्यापुढचे दिवस मात्र खायला उठले. ओटीपोटात जरा दुखलं की ती मोरीत जाऊन बघून यायची. तारीख उलटली. नवरा रोज नुसत्या भुवयांनी विचारायचा आणि ती मान हलवायची. मुलांची दप्तरं भरताना मध्येच थांबून ती त्यांच्याकडे बघत राहायची. तपासणीची पट्टीही आणून ठेवली, पण हात धजेना.

मग एका सकाळी बसस्टॉपवर तिला कळ आली. ती तशीच मागे फिरली, शेजारच्या दवाखान्याच्या बाथरूममध्ये शिरली आणि दार लावून पोटभर रडली. तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"आली?" त्याचा आवाज बसलेला.

"आली. म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. मी दवाखान्यातच आहे. तुमच्या ऑपरेशनची तारीख घेऊनच निघते."

"पुढच्या महिन्यात..."

"पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन रांगेत उभी राहिली.