कचेरीत घेतलेला उखाणा

"नवऱ्याचं नाव सांग."

मी पदर सारखा केला. कारकुनानं टाक खाली ठेवला. "काऊन वं बाई, मुकी हाय का तू?"

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. आता ते नव्हते, तरी जीभ उचलेना. वडनेर भोलजीच्या रस्त्यावर ते मैलकुली होते, बांधकाम खात्याचे. खड्ड्यात मुरूम भरत होते, कापसाच्या ट्रकनं चिरडलं. कामावर मेलेल्याच्या बायकापोरांना सरकार पैसे देतं, असं गावात ऐकलं. म्हणून दिराला घेऊन खात्याच्या कचेरीत आले होते. घरात तीन लेकरं उपाशी.

"सरळ येत नसन तं उखाण्यात घे," कारकून म्हणाला. टेबलाटेबलावरच्या माना वर झाल्या.

मी दिराकडे पाहिलं.

"घे ना वयनी," तो हळूच म्हणाला. "सायेब खोळंबले."

आणि मी घेतला. कपाळ पांढरं, हात भुंडे, आणि तोंडात लग्नातला उखाणा.

"पितळी हंडा घासून ठेवला उन्हात, गणपतरावांचं नाव सदा माझ्या मनात."

सगळे खो खो हसले. एक जण वाहवा म्हणाला. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला. आजही हंडा घासताना कानशिलं तापतात. हसणाऱ्यांची नाही, माझीच लाज वाटते. मेलेल्या माणसाचा तमाशा मी माझ्या तोंडानं केला.

हसून झाल्यावर कारकुनानं काहीतरी खरडलं आणि शाईची गादी पुढे केली.

"काय लिवलं?"

"दारू पिऊन ट्रकसमोर आला. खात्याचा दोष नाई. ठेव अंगठा, थोडंफार देऊन टाकू."

त्यांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. दिराला माहीत होतं. तरी त्यानंच माझा हात धरून अंगठा गादीवर टेकवला.

मी हात हिसडला. शाई लुगड्याला पुसली.

"गणपत," मी म्हणाले. नुसतं नाव. उखाणा नाही. "गणपत. माहा नवरा. सरकारी कामावर मेला. शुद्धीत मेला. तसं लिवा."

आता कोणी हसलं नाही.

"मंग मार चकरा," कारकून म्हणाला.

"मारीन."

दिरानं बोलणं टाकलं. मी दुसऱ्या दिवशी एकटीच गेले. दारातूनच नाव घेतलं, मोठ्यानं. खरं लिहीपर्यंत रोज घेणार होते. त्या दारात मान पुन्हा खाली घालणार नव्हते.