भावोजींची नवी जात

माझ्या भावोजींची रोपवाटिका आहे. तीस वर्षं ते निलगिरीची रोपं वाढवून विकतात, आणि तीस वर्षं त्यांची एकच खंत: ऐऱ्यागैऱ्यांच्या नावाचे गुलाब निघाले, आपल्या नावाचं साधं पानसुद्धा नाही.

त्यामुळे त्या वर्षी पन्नासेक रोपांच्या देठांवर मण्यांसारख्या गुलाबी गाठी आल्या, तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं.

"मेहुणे, नवी जात!"

गाठीवाल्या रोपांना वेगळी जागा मिळाली, दुप्पट खत मिळालं, प्रदर्शनात नोंदणीही झाली. शेजारच्या रोपवाटिकेच्या मालकाशी भावोजींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्याला त्यांनी दोन कुंड्या भेट दिल्या. प्रेमानं नव्हे, जळवायला.

"अहो, अंगावर फोड उठल्यासारखं दिसतंय ते," ताई म्हणाली.

"तुला दृष्टीच नाही."

"नव्हतीच. म्हणून तर तुम्हाला होकार दिला."

एवढं बोलून तिनं भाजीच्या सुरीनं एक गाठ उभी चिरली. आत पांढरी अळी, ऐसपैस. ताई ती घेऊन थेट कृषी कार्यालयात गेली आणि सगळी हकिगत घेऊन आली. चिलटाहून लहान एक माशी कोवळ्या शिरेत अंडं घालते. मग झाडच त्याच्याभोवती गाठ वाढवतं. अळीला राहायला खोली, खायला तिच्याच भिंती; मोठी झाली की गोल भोक पाडून बाहेर. जितकी पालवी कोवळी, तितकी माशी खूश. म्हणजे दुप्पट खत घालून भावोजी तिची बाळंतपणं स्वखर्चानं करत होते.

पन्नास रोपं जाळली. भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत. पण शेजारच्या दोन कुंड्यांचं काय? सांगावं तर नाक कापलं जाणार, न सांगावं तर त्याची हजारो रोपं जाणार.

शेवटी मला सोबत घेऊन ते निघाले. शेजाऱ्याच्या फाटकापाशीच टेबलावर दोन्ही कुंड्या, मागे रंगवलेली पाटी: 'आमची नवी जात', खाली शेजाऱ्याचं ठसठशीत नाव.

"कीड माझी आणि नाव याचं!" भावोजी पुटपुटले.

"मग चला घरी," मी म्हणालो. "होऊ दे त्याचं नाव."

ते थांबले. चांगली दोन मिनिटं थांबले. मला तर वाटलं, आता वळतातच. पण पुढे होऊन त्यांनी कुंडीतलं रोप मुळासकट उपटलं.

शेजारी धावत आला. "अहो, हा काय प्रकार? पोटात दुखतंय का?"

"दुखतंय ना. चाकू आणा."

गाठ चिरली, अळी वळवळली, शेजाऱ्याचा चेहरा उतरला. तो आत गेला आणि दोन स्टुलं घेऊन आला. संध्याकाळपर्यंत दोघं त्याच्या वाफ्यांत पान न् पान तपासत बसले.

"ही बघा गाठ."

"धूळ आहे ती. चष्मा लावा."

"तीस वर्षं रोपं वाढवतोय मी!"

"ते दिसलंच!"