टाचणी पडली तरी

कुजबुजकाकांकडे लोकांचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते नव्या कलाकेंद्राच्या उद्घाटनाला, आणि तेही ते ऐकू आले म्हणून.

एकतीस वर्षं काका विंगेतल्या स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवत होते. नटाच्या कानात पडावं पण पहिल्या रांगेला कळू नये, एवढाच आवाज. घरीही तीच सवय. बायको म्हणायची, "अहो, मी काही नट नाही. मीठ हवंय की पाणी, ते मोठ्याने मागा!"

जुन्या नाट्यगृहातले पंखे इतके कण्हायचे, की निम्मं नाटक प्रेक्षक अंदाजानेच बघत. नव्या केंद्राला मात्र काचेच्या भिंती, सरकते जिने आणि ध्वनितज्ज्ञाने बसवलेलं छत. संचालक भेटेल त्याला सांगत सुटले, "टाचणी पडली तरी शेवटच्या रांगेला ऐकू येईल!" टाचणीचा विचार झाला होता, काकांचा राहून गेला.

उद्घाटनाच्या नाटकातही नायकाची तयारी नेहमीचीच, म्हणजे 'काका आहेत ना!' दुसऱ्या अंकात तो अडकला. काका कुजबुजले, "आई, मी चुकलो गं." शेवटच्या रांगेतल्या बाईंनी डोळे टिपले. मग नायक तेच वाक्य गरजला आणि सभागृह खो खो हसलं. पुढे तर लोक सरळ विंगेकडेच बघू लागले.

मध्यंतरात नायक उसळला. "काका, वाटोळं केलंत माझं! जरा हळू!"

"दादा, याहून हळू म्हणजे गप्पच."

"मग बसा गप्प!"

काका बसले. तिसऱ्या अंकात नायक चार मिनिटं नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. पेपरात त्याच्या 'बोलक्या मौनाचं' कौतुक छापून आलं.

आठवड्याने संचालकांनी काकांना बोलावलं. विंगेतली जागा गेली तर आपण कोण, हे काकांना ठाऊक नव्हतं.

"ते स्टूल आता काढतोय आपण," संचालक म्हणाले. "पण तुम्हाला कसं सोडू? तुमच्याइतकं हळू इथे कोण बोलतं?"

नायक आता संवाद पाठ करतो, असं म्हणतात. काका मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता रंगमंचाच्या मधोमध उभे राहून, केंद्र बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी कुजबुजतात. गळ्यात ओळखपत्र असतं. त्यावर 'ध्वनी प्रात्यक्षिक' असं लिहिलंय.