नळीवरचं गाव

‘लिवा, मास्तर,’ असं म्हणून तो म्हातारा बांबूची नळी कानाला लावायचा, आतली गुणगुण ऐकून मान डोलवायचा आणि मगच गावाचं नाव सांगायचा. मी नळीला चिठ्ठी चिकटवून ते नाव लिहायचो. गावाचं नाव चुकलं तर माझ्या सगळ्या कामाची माती होणार होती.

कामही तसंच विचित्र होतं. पोया म्हणजे डंख नसलेली, मुंगीएवढी मधमाशी. ती भिंतीच्या फटीत घर करते. एका गावच्या पोयाची गुणसूत्रं दुसऱ्या गावच्या पोयाइतकीच असतात का, हे मला एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मोजायचं होतं. ‘नुस्ती मोजायची? मध न्हाई खायचा?’ म्हाताऱ्यानं पहिल्याच भेटीत विचारलं होतं. रेल्वेच्या गँगमधून निवृत्त होऊन तो कासारवाडीला रुळांपलीकडे एकटा राहायचा. पोया शोधावी तर त्यानंच.

देहू, चाकण, महाळुंगे, भोसरी. चार गावांच्या चार नळ्या त्यानं आणल्या, आतल्या पिल्लांसकट. महाळुंग्याची आणली त्या दिवशी तर तासभर बोलत बसला. देवळामागं उंबर आहे, त्याच्या ढोलीत घर होतं, एका म्हातारीनं बसवून ताक पाजलं. ‘मीठ जरा जास्त झालं व्हतं,’ असंही म्हणाला. तुम्हीच सांगा, अशा माणसावर कोण विश्वास ठेवणार नाही?

आणि महाळुंग्याच्याच पिल्लांत मला एक गुणसूत्र जास्तीचं दिसलं. दहादा मोजलं. आमचे सर चष्मा पुसून सूक्ष्मदर्शकात बघत राहिले आणि म्हणाले, ‘छापायच्या आधी स्वतः जाऊन पुन्हा आण.’

मी सायकल काढून गेलो. महाळुंग्यात देवळामागं विहीर होती. पाणी शेंदणाऱ्या बाईला उंबराचं विचारलं, तर ती म्हणाली, ‘उंबर? हितं कवाच न्हवता.’

तसाच कासारवाडीला आलो. म्हाताऱ्यानं माझं तोंड बघून ओळखलं. पिंपरीला नव्या कारखान्यासाठी जमीन सपाट करत होते. तिथल्या एका जुन्या भिंतीतून त्यानं चारही घरं काढली होती.

‘भिताड पडणारच व्हतं, मास्तर. त्यातली तर मरणारच व्हती. दुसरीकडची नांदती घरं कशापायी मोडू?’

‘मग मला खरं का नाही सांगितलंत, बाबा?’

‘तुमाला गावं पायजे व्हती.’

मी फार वाईट बोललो. इथं लिहवत नाही. संताप प्रबंधाचा होता, हे खरं. पण सायकलवर बसल्यावर मला राहून राहून ते ताक आठवत होतं. त्यातलं मीठसुद्धा खोटं होतं. बापाच्या वयाच्या माणसानं समोर बसवून मला फसवलं, याचा सल अजून गेलेला नाही.

प्रबंध मोडीत निघाला. जास्तीचं गुणसूत्र सरांनी माझीच चूक ठरवलं. एकाच भिंतीत दोन तऱ्हेच्या पोया होत्या का, हे विचारायलाही भिंत उरली नव्हती.

राग उतरायला पावसाळा गेला. मी कासारवाडीला गेलो तेव्हा त्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं मला बघितलं आणि आतून मातीनं तोंड बंद केलेली एक नळी आणली.

‘गेलं की म्हातारं, श्रावणात. ताप व्हता तरी चालत म्हाळुंग्याला जाऊन आलं. म्हनलं, मास्तर आलं तर द्या. आन् सांगा, लिवा, म्हाळुंगं.’

मी नळी कानाला लावली. आत गुणगुण नव्हती. सगळं कधीच वाळून गेलं होतं. खरंच महाळुंग्याला गेला असेल, तर माझ्यासाठी त्यानं एक नांदतं घर मोडलं होतं. नसेल, तर मरतानाही तो माझ्याशी खोटंच बोलला.

ती नळी अजून माझ्या टेबलावर आहे. चिठ्ठी चिकटवलेली आहे. गावाची जागा कोरी आहे.